परक्या कंपनीचे कुलूप : बाहेरचा फोन उघडून देताना घ्यावयाची काळजी

ईदची सुटी किंवा घरचे लग्नकार्य जवळ आले की परदेशात नोकरीला असलेली आपली माणसे गावी येऊ लागतात. बॅगेत खजूर, अत्तर आणि चॉकलेटचे डबे असतात, त्याचबरोबर धाकट्या भावासाठी किंवा मेहुण्यासाठी एखादा मोबाइल फोनही असतो. घरात फोनचे कौतुक होते, हौसेने आपल्याकडचे सिम त्यात घातले जाते आणि पडद्यावर अक्षरे उमटतात की हे सिम या फोनमध्ये चालणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोन मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर येतो. गिऱ्हाईक म्हणते, "भाईजान, एवढं अनलॉक करून द्या. किती घ्याल?"

या प्रश्नाचे उत्तर पैशांत देण्यापूर्वी दुकानदाराने स्वतःला दुसरा प्रश्न विचारला पाहिजे. हे कुलूप कोणते आहे, ते कोणी घातले आहे आणि ते उघडण्याचा हक्क माझ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला आहे काय? आजच्या लेखात आम्ही याच गोष्टीचा अभ्यास करणार आहोत.

आमच्या परिचयाचे एक दुकानदार आहेत. सगळा मोहल्ला त्यांना मामू म्हणतो. हात अतिशय कुशल. पण एकदा त्यांनी एका दलालाच्या शब्दावर अमेरिकेतून आलेल्या सात जुन्या फोनांचा लॉट घेतला. "सगळे अनलॉक आहेत" असे दलालाने सांगितले होते आणि सिम घालून दाखविले तेव्हा नेटवर्कही आले होते. तीन फोन लगेच विकले गेले. महिन्याभरात तिन्ही परत आले. फोनचे सॉफ्टवेअर अद्ययावत होताच नेटवर्क नाहीसे झाले होते. उघडून पाहता सिमच्या खाली कागदासारखी पातळ चकती चिकटविलेली निघाली. मामूंनी तिघांचेही पैसे परत केले. उरलेले चार फोन आजही त्यांच्या खणात पडून आहेत. ते आम्हाला म्हणाले, "भांडवल अडकलं त्याचं दुःख आहेच. पण तिन्ही गिऱ्हाइकं आपल्याच गल्लीतली. त्यांच्यासमोर मान खाली घालावी लागली, ते जास्त लागलं." असा प्रसंग आपल्यापैकी कोणावरही येऊ नये, हा या पाठाचा हेतू होय.

कुलूप घालतात कशासाठी?

अमेरिका, ब्रिटन, जपान अशा देशांत अनेक वर्षे अशी पद्धत होती की ग्राहक दुकानातून फोन घेत नसे, तर टेलिफोन कंपनीकडून घेत असे. कंपनी महागडा फोन कमी किमतीत किंवा हप्त्यांवर देई आणि त्याच्या बदल्यात ग्राहक वर्ष-दोन वर्षे तिचीच सेवा घेण्याचा करार करी. ग्राहकाने स्वस्तात फोन घेऊन दुसऱ्याच कंपनीचे सिम घातले तर आपले पैसे बुडतील, म्हणून कंपनी फोनला आपल्या नेटवर्कचे कुलूप घालून देई. अमेरिकेत ही पद्धत आजही चालू आहे.

आपल्या देशात रिवाज वेगळा राहिला. येथे बहुतेक लोक फोन पूर्ण पैसे देऊन बाजारातून घेतात आणि सिम स्वतंत्रपणे घेतात. त्यामुळे कुलूपबंद फोनची ओळख आपल्याला उशिरा झाली. तरीही काही उदाहरणे आपल्याकडे आहेत. २००३ मध्ये रिलायन्स इन्फोकॉमने ५०१ रुपये भरून घेऊन हँडसेट दिले, त्यांत सिमच नव्हते. क्रमांक फोनमध्येच नोंदलेला असे, म्हणून दुसऱ्या कंपनीकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता. ऑगस्ट २००८ मध्ये आयफोन ३जी भारतात आला तो एअरटेल आणि व्होडाफोन या दोन कंपन्यांमार्फत. ८ जीबीच्या फोनची किंमत ३१,००० रुपये होती आणि एवढी रक्कम मोजूनही फोन त्या कंपनीपुरताच बांधलेला होता. २०१७ मध्ये १,५०० रुपयांच्या अनामत रकमेवर आलेला जिओफोनही जिओच्याच सिमवर चालणारा होता.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्यावी. नेटवर्कचे कुलूप म्हणजे फोनमधील बिघाड नव्हे. तो एका कराराचा भाग आहे. करार पुरा झाला की कुलूप काढून मागण्यात काहीच गैर नाही. करार पुरा झालेला नसेल तर मात्र त्या फोनवर अजून दुसऱ्याचे देणे आहे असे समजावे.

कुलूप काम कसे करते?

प्रत्येक सिमच्या आत ग्राहकाचा एक लांब क्रमांक लिहिलेला असतो. हा आपला दहा आकडी मोबाइल क्रमांक नव्हे. त्या लांब क्रमांकाचे पहिले तीन आकडे देशाचे असतात आणि पुढचे दोन किंवा तीन आकडे कंपनीचे. भारताचे आकडे ४०४ आणि ४०५ आहेत. संयुक्त अरब अमिरातीचा ४२४, सौदी अरबचा ४२०, ब्रिटनचे २३४ व २३५, तर अमेरिकेचे ३१० पासून पुढे आहेत. फोन चालू होताच तो सिममधील हे आकडे वाचतो. कुलूपबंद फोनच्या आत कोणते आकडे चालतील याची यादी असते. आकडे जुळले तर फोन नेटवर्क शोधू लागतो, न जुळले तर तेथेच अडतो आणि संकेतांक, म्हणजे कोड मागतो.

जीएसएमच्या नियमपुस्तकात अशा कुलपांचे पाच प्रकार सांगितलेले आहेत : संपूर्ण नेटवर्कचे, नेटवर्कच्या एका भागाचे, सेवा विकणाऱ्या कंपनीचे, एखाद्या संस्थेचे आणि एकाच सिमचे. एकाच फोनवर यांपैकी दोन कुलपे असू शकतात. म्हणूनच कधी कधी एक कोड बरोबर लागूनही फोन पुन्हा दुसरा कोड मागतो. तेव्हा गोंधळून जाऊ नये.

जुन्या काळच्या साध्या फोनांत हा कोड फोनच्या क्रमांकावरून एका ठरावीक हिशेबाने तयार होत असे. तो हिशेब बाहेर फुटला आणि कॉम्प्युटर असलेला कोणीही कोड काढू लागला. पुढे कंपन्या शहाण्या झाल्या. आता प्रत्येक फोनचा कोड स्वतंत्र असतो आणि तो कंपनीच्या दप्तरी जमा असतो. आयफोनला तर कोड लागतच नाही. मूळ टेलिफोन कंपनीने अॅपलला कळविले की अॅपलच्या नोंदीत तो फोन मुक्त होतो. मग नवे सिम घालून फोन इंटरनेटला जोडला की कुलूप निघते. थोडक्यात, आजच्या कुलपाची किल्ली कारागिराच्या टेबलावर नसते, ती कंपनीच्या दप्तरात असते.

एका मुलाची कारागिरी

कारागीर बंधूंना आवडेल अशी एक हकिकत येथे सांगावीशी वाटते. पहिला आयफोन २९ जून २००७ रोजी अमेरिकेत विक्रीस आला. तो एटी अँड टी या एकाच कंपनीवर चालत असे. न्यू जर्सी राज्यातील जॉर्ज हॉट्झ हा १७ वर्षांचा मुलगा त्या फोनच्या मागे लागला. फोन उघडून, सोल्डरिंग आयर्नने नेमक्या जागी काम करून आणि त्याला प्रोग्रामची जोड देऊन त्याने ऑगस्ट २००७ मध्ये ते कुलूप तोडले. असा एक फोन देऊन त्याच्या बदल्यात त्याने निसान कंपनीची एक मोटारगाडी आणि तीन नवे आयफोन घेतले.

या हकिकतीत हुन्नराचे मोल दिसते. परंतु एक गोष्ट विसरू नये. तो स्वतःच्या मालकीच्या फोनवर काम करीत होता. फोन बिघडला असता तर नुकसान त्याचेच होते. आपल्या टेबलावरचा फोन मात्र गिऱ्हाइकाची अमानत असतो. स्वतःच्या वस्तूवर प्रयोग करणे वेगळे आणि दुसऱ्याच्या अमानतीवर प्रयोग करणे वेगळे.

कायदा कोठे कसा आहे?

अमेरिकेत या प्रश्नावर मोठा वाद झाला. तेथील १९९८ च्या कायद्याने संगणकीय कुलपे तोडण्यास मनाई केली होती. २००६ मध्ये फोनच्या नेटवर्क-कुलपाला त्यातून सूट मिळाली. पुढे ती सूट काढून घेण्यात आली आणि २६ जानेवारी २०१३ नंतर घेतलेला फोन कंपनीच्या परवानगीवाचून उघडणे बेकायदा ठरले. लोकांत नाराजी पसरली. एक लाखाहून अधिक लोकांनी सह्या करून सरकारकडे दाद मागितली. शेवटी १ ऑगस्ट २०१४ रोजी अध्यक्ष ओबामा यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि ग्राहकाला हा हक्क परत मिळाला.

इतर देश आणखी पुढे गेले. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून नवे फोन कुलपाशिवाय विकावेत आणि जुने फोन विनामूल्य उघडून द्यावेत असा नियम झाला. जपानने ऑक्टोबर २०२१ पासून आणि ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून कुलूपबंद फोन विकण्यास मनाई केली. म्हणून गिऱ्हाइकाला दोन प्रश्न जरूर विचारावेत : फोन कोणत्या देशातला आणि कोणत्या साली घेतलेला? २०२२ मध्ये लंडनच्या दुकानातून नवा घेतलेला फोन आणि २०१९ मध्ये तेथेच कंपनीकडून हप्त्याने घेतलेला फोन यांत फार अंतर आहे.

पाच कुलपे ओळखा

आपल्या दुकानदार बंधूंचे नुकसान होते ते बहुधा येथेच. गिऱ्हाईक प्रत्येक अडचणीला "लॉक" म्हणते. प्रत्यक्षात ती पाच निरनिराळी कुलपे आहेत.

पहिले, नेटवर्कचे कुलूप. फोन चालू होतो, फोटो दिसतात, वायफाय चालते, फक्त दुसऱ्या कंपनीचे सिम चालत नाही. याच कुलपाविषयी हा लेख आहे. मालकी सिद्ध होत असेल तर ते उघडून देणे हे सरळ काम आहे.

दुसरे, पडद्याचे कुलूप. म्हणजे मालकाने घातलेला आकडा, नक्षी किंवा बोटाचा ठसा. विसरला असेल तर मालकाने स्वतः येऊन सांगावे. दुसऱ्याचा फोन घेऊन आलेल्याला ते उघडून देऊ नये.

तिसरे, खात्याचे कुलूप. अॅपलने २०१३ पासून आणि अँड्रॉइड फोनांनी २०१५ पासून अशी सोय केली की फोन पुसून कोरा केला तरी तो जुन्या मालकाच्या खात्याचा पासवर्ड मागतो. ही सोय चोराला अडविण्यासाठीच केलेली आहे. जो फोन हे मागतो आणि ज्याच्या मालकाला पासवर्ड ठाऊक नाही, त्या फोनला खरेदीचे बिल पाहिल्याशिवाय हात लावू नये.

चौथे, हप्त्याचे कुलूप. आपल्याकडे कर्जावर घेतलेल्या काही फोनांत वित्त कंपनी आपला प्रोग्राम बसविते आणि हप्ता चुकला की फोन बंद पाडते. ते काढून देणे म्हणजे देणेकऱ्याला देणे बुडविण्यास मदत करणे होय.

पाचवे, काळ्या यादीचे कुलूप. हे फोनमध्ये नसतेच. फोन चोरीला गेल्याची तक्रार झाली की त्याचा क्रमांक नेटवर्कच्या यादीत जातो आणि कोणतेही सिम घातले तरी फोन मुका राहतो. हे कुलूप दुकानात उघडता येत नाही. ते उघडण्याचा जो मार्ग काही लोक दाखवितात, तो गुन्ह्याचा मार्ग आहे.

क्रमांक बदलणे म्हणजे गुन्हा

प्रत्येक फोनला स्वतःचा १५ आकडी क्रमांक असतो. त्याला आयएमईआय म्हणतात. फोनवर *#०६# दाबले की तो पडद्यावर येतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. ३० नोव्हेंबर २००९ ची मुदत अनेकांच्या स्मरणात असेल. त्या मुदतीनंतर योग्य क्रमांक नसलेल्या फोनांची सेवा देशभर बंद करण्यात आली आणि बाजारातले कितीतरी स्वस्त हँडसेट एका रात्रीत निरुपयोगी झाले.

चोरीच्या फोनचा हा क्रमांक बदलून देणारे लोक आहेत. त्यांच्या नादी लागू नये. २०१७ च्या नियमांनी या कृत्याला मनाई केली आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. चोरीचा माल आहे हे जाणून किंवा तसे मानण्यास कारण असून तो अप्रामाणिकपणे घेणे हा तर भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखाली वेगळा गुन्हा आहे. "मला काय माहीत?" हे उत्तर दप्तर कोरे असेल तर कोणी ऐकून घेत नाही.

चांगली गोष्ट ही की खात्री करून घेण्याची सोय आता सर्वांना खुली आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्र, गोवा आणि दादरा-नगर हवेलीत सरकारने चोरीच्या फोनांची मध्यवर्ती नोंदणी सुरू केली. मे २०२३ मध्ये ती 'संचार साथी' या नावाने देशभर झाली. केवायएम ही इंग्रजी अक्षरे, मग मोकळी जागा आणि पुढे १५ आकडी क्रमांक असा संदेश १४४२२ या क्रमांकावर पाठविला की त्या फोनची माहिती येते. जुना फोन विकत घेण्यापूर्वी हा संदेश पाठविण्याची सवय प्रत्येक दुकानदाराने लावून घ्यावी.

कागदावर करावयाची एक तपासणी

आयएमईआयचा शेवटचा आकडा हा पहिल्या चौदांवरून निघतो. त्यामुळे वहीत क्रमांक उतरविताना चूक झाली तर ती कागद-पेन्सिलीने पकडता येते. पद्धत अशी. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा असा प्रत्येक सम जागेवरचा आकडा दुप्पट करावा. दुप्पट दोन आकडी झाली तर त्याच्या दोन आकड्यांची बेरीज घ्यावी. विषम जागेवरचे आकडे आहेत तसेच ठेवावेत. सर्वांची बेरीज करावी. तिला पुढच्या पूर्ण दहापर्यंत नेण्यास जेवढे कमी पडते, तो पंधरावा आकडा. बेरीजच पूर्ण दहाची आली तर पंधरावा आकडा शून्य असतो.

उदाहरणार्थ, ४९०१५४२०३२३७५१८ हा नमुन्याचा क्रमांक घेऊ. पहिले चौदा आकडे ४, ९, ०, १, ५, ४, २, ०, ३, २, ३, ७, ५, १. सम जागांवरील ९ चे १८ म्हणजे ९, १ चे २, ४ चे ८, शून्याचे शून्य, २ चे ४, ७ चे १४ म्हणजे ५ आणि १ चे २. यांची बेरीज ३०. विषम जागांवरील ४, ०, ५, २, ३, ३, ५ यांची बेरीज २२. एकूण ५२. साठ होण्यास ८ कमी पडतात आणि शेवटचा आकडा ८ च आहे. क्रमांक बरोबर उतरला.

ही तपासणी लिहिण्यातली चूक दाखविते. फोन चोरीचा आहे की नाही हे ती सांगत नाही. त्यासाठी वरील संदेशच पाठवावा.

काम करण्याचा क्रम

१. गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता, फोनचा आयएमईआय, देश, मूळ कंपनी आणि खरेदीचे साल वहीत लिहावे. फोनवर दिसणारा क्रमांक खोक्यावरील किंवा बिलावरील क्रमांकाशी जुळवून पाहावा.

२. कुलूप आहे की नाही याची आधी खात्री करावी. आयफोनच्या सेटिंगमध्ये 'जनरल' आणि त्यात 'अबाउट' उघडले की 'कॅरिअर लॉक' अशी ओळ दिसते. तेथे सिमवर निर्बंध नसल्याचे लिहिले असेल तर कुलूप नाही. इतर फोनांत दोन वेगवेगळ्या कंपन्यांची चालू सिमे घालून पाहावे. अनेकदा कुलूप नसतेच, सिमच खराब असते.

३. कुलूप असेल तर गिऱ्हाइकाला सांगावे की परदेशातील ज्या नातेवाइकाच्या नावावर फोन घेतला होता, त्याने आपल्या कंपनीकडे अर्ज करावा. हप्ते फिटलेले असावेत, फोन चोरीच्या यादीत नसावा आणि ठरलेली मुदत झालेली असावी, या साधारणपणे तेथील अटी असतात. भाऊ सुटी संपवून परत जाणार असेल तर ही चौकशी तो येथे असतानाच करून घ्यावी. एवढा सल्ला दिला तरी गिऱ्हाइकाचे काम पुष्कळदा फुकट होते आणि ते आपल्याला कायम लक्षात ठेवते.

४. कोड मिळाला तर तो नीट पाहून टाकावा. अंदाजाने आकडे टाकीत बसू नये. चुकीच्या प्रयत्नांची संख्या ठरलेली असते आणि ती संपली की काही फोन कायमचे अडतात.

५. काम सुरू करण्यापूर्वी गिऱ्हाइकाला त्याचे फोटो आणि क्रमांक दुसरीकडे उतरवून घेण्यास सांगावे. परदेशात कष्ट करणाऱ्या माणसाच्या मुलांचे फोटो त्या फोनमध्ये असतात. ते गेले तर कोणत्याही पैशाने भरून येत नाहीत.

६. काम झाल्यावर दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून बोलणे, संदेश आणि इंटरनेट या तिन्ही गोष्टी गिऱ्हाइकासमोर करून दाखवाव्यात. पैसे त्यानंतर घ्यावेत आणि पावतीवर केलेले काम लिहावे.

सिमखालची चकती

मामूंना फसविणारी ती चकती बाजारात अजूनही मिळते. ती सिम आणि फोन यांच्या मध्ये बसते आणि सिम जणू मूळ कंपनीचेच आहे असे फोनला भासविते. कुलूप उघडत नाही, फक्त झाकले जाते. सॉफ्टवेअर बदलले किंवा फोन कोरा केला की नेटवर्क जाते. म्हणून जुना फोन घेताना सिमचा ट्रे बाहेर काढून पाहावा. चकती असेल तर तो फोन कुलूपबंदच समजून भाव करावा. असा फोन "अनलॉक" म्हणून विकणे म्हणजे मालातला ऐब लपवून सौदा करणे होय.

कुलूप उघडले तरी फोन चालत नाही

कुलूप निघाले म्हणजे सर्व झाले असे नाही. नेटवर्कच्या लहरींचे पट्टे, म्हणजे बँड, देशोदेशी वेगळे असतात. भारतात ४जी साठी मुख्यतः १, ३, ५, ८, ४० आणि ४१ हे बँड वापरले जातात. अमेरिकेसाठी केलेल्या काही जुन्या फोनांत यांपैकी मोजकेच असतात. मग शहरात नेटवर्क येते आणि गावी गेल्यावर जाते. शिवाय जिओचे २जी किंवा ३जी नेटवर्क नाही. त्यावर बोलणे ४जी-५जी वरूनच होते. ज्या फोनला आपल्याकडील ही सोय साधत नाही, त्यावर इंटरनेट चालेल पण साधा फोन लागणार नाही. मॉडेलचा पूर्ण क्रमांक घेऊन बँड आधीच पडताळावेत.

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ पासून पुढच्या फोनांना सिमची खाचच नाही. तो दोष नाही. त्यात ई-सिम लागते आणि ती जिओ, एअरटेल व व्हीआय देतात. जपानमधून आलेल्या काही आयफोनांत फोटो काढताना होणारा आवाज बंद करता येत नाही, हेही दुरुस्तीचे काम नाही. या गोष्टी गिऱ्हाइकाला आधी सांगितल्या तर पुढचा वाद टळतो.

जे व्यापारी येथून बाहेर माल पाठवितात त्यांच्यासाठीही एक सूचना आहे. २०१३ मध्ये गॅलेक्सी नोट ३ च्या वेळेपासून सॅमसंगने काही फोनांना विभागाचे कुलूप घातले. फोन ज्या विभागासाठी बनला, तेथील सिमवर आधी काही मिनिटे बोलणे झाल्याशिवाय तो दुसऱ्या विभागातील सिम घेत नाही. खोक्यावर तशी चिकटपट्टी असते. ती न वाचता पाठविलेला फोन तिकडे पोहोचल्यावर तक्रार येते.

शेवटी

मोबाइल दुरुस्तीच्या धंद्यात आपले शेकडो तरुण थोड्या भांडवलावर, केवळ हुन्नराच्या बळावर उभे राहिले आहेत. या धंद्याचे खरे भांडवल लोकांचा विश्वास हे आहे. माणूस आपल्या घरातल्यांचे फोटो, बँकेचा हिशेब आणि नातेवाइकांचे क्रमांक आपल्या हाती सोपवून चहा प्यायला जातो. एवढा विश्वास सराफावरही कोणी टाकीत नाही. जे कुलूप उघडण्याचा हक्क आहे ते नीट उघडून द्यावे, जे उघडण्याचा हक्क नाही त्याला नम्रपणे नाही म्हणावे. मामूंनी आता गल्ल्याशेजारी एक जाड वही ठेवली आहे. बिल नसलेला फोन आला की ते ती वही पुढे सरकवितात. "आधी यात लिहा, बेटा." जो लिहीत नाही तो निघून जातो, आणि मामू म्हणतात की तो गेला याचे त्यांना वाईट वाटत नाही.

उजळणीसाठी प्रश्न

१. नेटवर्कचे कुलूप आणि खात्याचे कुलूप यांत फरक कोणता?
२. फोन सिममधील कोणते आकडे वाचून कुलपाचा निर्णय करतो?
३. काळ्या यादीतील फोन दुकानात का उघडता येत नाही?
४. सिमखाली चकती असलेला फोन कसा ओळखाल?
५. आपल्या स्वतःच्या फोनचा आयएमईआय काढून त्याचा शेवटचा आकडा कागदावर पडताळून पाहा.